म्हातारपणी स्वतःच्याच घरात राहायचंय? मग ही जुळवाजुळव वेळेत करा

‘मला इथून कुठे हलवू नका’ हे वाक्य म्हाताऱ्या माणसांच्या घरात आज ना उद्या ऐकू येतंच. मुलं पुण्याला, बेंगळुरूला नाहीतर परदेशात असतात. आई-वडील साताऱ्यासारख्या गावात, चाळीस वर्षांच्या ओळखीच्या शेजारात राहतात. मग एके दिवशी बाथरूममध्ये पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं आणि दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये उभ्या-उभ्या निर्णय होतो की आता आईला एकटं ठेवायचं नाही. त्या निर्णयात आईचं मत कुणी विचारलेलं नसतं.

ज्येष्ठ नागरिक संघाच्या कामात मी हे वारंवार पाहतो. माणसाला घर सोडायला लावणारं कारण बहुतेक वेळा फार मोठं नसतं. औषधांचा घोळ, अडकलेली पेन्शन, जेवणाची आबाळ, रात्री हाकेला कुणी नसणं, अशा बारीक गोष्टी साचत जातात. यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीवर तालुक्याच्या ठिकाणी काही ना काही सोय आहे. पण एक सोय तहसील कचेरीत, दुसरी पोस्टात, तिसरी सरकारी दवाखान्यात. गुडघे धरलेल्या बहात्तर वर्षांच्या माणसाने ती शोधत फिरायचं कसं? म्हणून ही सगळी टोकं जोडून देणारा एक माणूस लागतो. तो मुलगा असेल, सून असेल, शेजारी असेल किंवा सोसायटीच्या कमिटीतलं कुणी असेल. हा लेख त्या माणसासाठी आहे.

पहिलं काम: योजनांची यादी बाजूला ठेवा, बसून ऐका

मुलाने अमेरिकेतून फोनवर सांगितलेली गरज आणि आजींची खरी गरज यांत बरंच अंतर असतं. मुलाला सीसीटीव्ही हवा असतो, आजींना दुपारी गप्पा मारायला कुणीतरी. त्यामुळे पहिल्या भेटीत फॉर्म काढू नका. ‘काकू, तुमच्या हातचा चहा घेऊनच जातो’ म्हणा आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहा. दहा मिनिटांत पुष्कळ कळतं. गॅस पेटवताना हात थरथरतो का, साखरेचा डबा वरच्या फळीवर आहे का, उठताना ओट्याचा आधार लागतो का, दूध उकळत ठेवल्याचं विसरायला होतं का. औषधाच्या पट्टीवरचं नाव वाचून दाखवायला सांगा, चष्म्याचा नंबर बदललाय का तेही समजतं.

मग तीन गोष्टी सरळ विचारा: दिवसात सगळ्यात अवघड काय जातं, रात्री कशाची भीती वाटते, आणि काय करायचं सोडून द्यावं लागलंय. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट टिपून घ्या. ‘देवळात जाणं बंद झालं’ असं उत्तर आलं तर त्यामागे गुडघा असेल, लघवीची अडचण असेल किंवा रस्ता ओलांडण्याची धास्ती असेल. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

‘आम्हाला काही नको’ हे उत्तर हमखास मिळतं. पुष्कळांना मदत घेणं म्हणजे लाचारी वाटते, आणि त्यांच्या आयुष्याकडे पाहिलं तर ते समजण्यासारखं आहे. तिथे वाद घालू नका. जिन्यातला गेलेला बल्ब बदलून द्या, गॅसचा नंबर लावून द्या. एक काम नीट झालं की पुढचं ते स्वतः सांगतात. माणूस भानावर असेल तोवर शेवटचा शब्द त्याचाच, हे मुलांनाही एकदा स्पष्ट सांगून ठेवावं.

एक वही आणि एक फाईल

दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात नाव, वय, रक्तगट, आजार, चालू औषधं, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे, नेहमीचे डॉक्टर, जवळचे दोन शेजारी आणि मुलांचे नंबर लिहा. त्याच पानाची एक प्रत दाराच्या मागे चिकटवा, कारण अॅम्ब्युलन्स आल्यावर वही शोधायला कुणाला वेळ नसतो. त्या कागदावर हे नंबरही हवेत: तातडीची कुठलीही मदत ११२, अॅम्ब्युलन्स १०८ आणि ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाईन १४५६७. या शेवटच्या नंबरला ‘एल्डरलाईन’ म्हणतात. तो निःशुल्क आहे आणि सकाळी ८ ते रात्री ८ चालू असतो. पेन्शन, कायदा, छळ, वृद्धाश्रमांची माहिती, मन मोकळं करणं, अशा कशासाठीही तिथे फोन करता येतो. आजी-आजोबांच्या हातून एकदा तो नंबर लावून बघा. एकदा बोललेलं असलं की गरजेच्या वेळी बिचकायला होत नाही.

फाईलमध्ये आधार, रेशनकार्ड, पॅन, पासबुक, पेन्शनची पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), वीजबिल आणि वयाचा पुरावा. इथे एक काम घाई न करता करायला हवं: सगळ्या कागदांवरचं नाव आणि जन्मतारीख जुळते का ते पाहा. आधारवर ‘पार्वती’, बँकेत ‘पार्वतीबाई’, रेशनकार्डावर माहेरचं नाव, आणि जन्मतारीख तर अनेकांची १ जानेवारीच. आधारला जोडलेला मोबाईल मुलाच्या जुन्या, बंद पडलेल्या नंबरचा निघतो. कुठलाही अर्ज करण्याआधी हे दुरुस्त करा, नाहीतर प्रत्येक खिडकीवर अडकाल.

आयुष्यभर धुणी-भांडी, शेती केलेल्या बायकांच्या बोटांचे ठसे झिजून जातात. मशीनवर अंगठा ठेवायचा, लाल दिवा लागतो, पुसून पुन्हा ठेवायचा, पुन्हा लाल. मागे रांग कुरकुरत असते आणि आजी अपराध्यासारख्या उभ्या असतात. अशा वेळी ‘डोळ्यांचं स्कॅन घ्या’ किंवा ‘चेहऱ्याने पडताळणी करा’ असं आपण पुढे होऊन सांगायचं. ठसे उमटत नाहीत एवढ्या कारणाने कुणाचा हक्क जात नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं आधारचं काम घरी येऊन करण्याची सोयही आहे, चौकशी आधारच्या १९४७ या नंबरवर करा.

पिन, ओटीपी, पासवर्ड यातलं काहीही या वहीत लिहायचं नाही.

घर पाहा, शक्यतो रात्री

दिवसा सगळं ठीक दिसतं. म्हातारं माणूस पुष्कळदा पडतं ते रात्री दोनला लघवीला उठल्यावर. म्हणून संध्याकाळनंतर जा आणि पलंगापासून संडासापर्यंतची वाट त्यांच्याबरोबर चाला. पायपुसणं सरकतं का? वायर आडवी येते का? उंबरठा अंधारात दिसतो का? उंबरठ्यावर आणि पायऱ्यांच्या कडांना पिवळी किंवा पांढरी पट्टी मारा. वाटेवर रात्रभर जळणारा छोटा एलईडी दिवा लावा. त्याचं वीजबिल नगण्य येतं, खुब्याच्या ऑपरेशनचा खर्च मात्र घराला पुरे हलवून टाकतो.

सगळ्यात जास्त लक्ष बाथरूमवर द्या. आधाराचा दांडा स्टीलचा, भिंतीत पक्का रोवलेला हवा. टॉवेल टाकायचा रॉड किंवा रबरी चोखणीने चिकटणारा दांडा शरीराचं वजन पेलत नाही, तो धरूनच माणूस पडतो. दांड्याची जागा प्लंबरला ठरवू देऊ नका. आजोबांना कमोडवर बसवा, उठायला सांगा, त्यांचा हात आपसूक भिंतीवर जिथे जातो तिथे पेन्सिलीने खूण करा आणि तिथेच भोक पाडा. आंघोळीच्या जागेसाठीही तसंच. बसायला रबरी पायांचं, न हलणारं स्टूल हवं. जमिनीला घसरू न देणारी मॅट हवी आणि ती आठवड्याला घासलीही पाहिजे, कारण साबणाचा थर बसलेली मॅट फरशीपेक्षा वाईट. भारतीय संडास तोडून कमोड बसवणं जमत नसेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची मिळते. दाराची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी करा. आत पडलेल्या माणसापर्यंत पोचायला दार तोडावं लागणं फार क्लेशदायक असतं.

पलंग इतका उंच हवा की बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पुरते टेकतील. झोपेतून उठल्यावर कडेला एक-दोन मिनिटं बसायचं, पाय हलवायचे, मगच उभं राहायचं. पटकन उठल्याने रक्तदाब उतरून चक्कर येते, आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांत हे फार होतं. पायात सैल सपाता नकोत, मागून पट्टा असलेली चप्पल हवी, घरातही. रोजचे डबे कंबर ते खांदा या उंचीत आणा, पोटमाळ्यावर चढायला पूर्ण बंदी.

वस्तूंसाठी दोन योजना आहेत. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदाच ३००० रुपये खात्यात जमा होतात. चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत कमी उत्पन्न असलेल्यांना तपासणी शिबिरातून वस्तूच मिळतात, त्या शिबिराच्या तारखेवर डोळा ठेवावा लागतो. वॉकर घरी आला की फिजिओथेरपिस्टकडून त्याची उंची लावून घ्या आणि तो धरून चालायची सवय करून घ्या. नाहीतर तो कपडे वाळत घालायच्या कामी येतो.

औषधं आणि दवाखाना

घरातली सगळी औषधं एका पिशवीत गोळा करून पलंगावर ओता. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावाने दोन डॉक्टरांनी दिलेलं सापडतं, मुदत संपलेली पट्टी सापडते, शेजारणीने ‘मला गुण आला’ म्हणून दिलेली गोळी सापडते. आपण काहीही बंद करायचं नाही. ती अख्खी पिशवी एका डॉक्टरांसमोर ठेवायची आणि ‘यातलं नक्की काय चालू ठेवायचं’ हे त्यांच्याकडून लिहून घ्यायचं. झोपेच्या गोळ्या आणि वेदनाशामकं यांबद्दल मुद्दाम विचारा: झोपेच्या गोळ्यांमुळे माणूस पडू शकतं, वेदनाशामकांमुळे किडनीला इजा होऊ शकते. मग सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे असलेला डबा आणा आणि आठवड्याच्या एका ठरलेल्या दिवशी कुणीतरी तो भरून द्या.

रक्तदाब-मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, बाहेरून घ्यायच्या तर जनऔषधी केंद्रात बऱ्याच स्वस्त पडतात. गावात आशाताईंशी ओळख ठेवा. कुणाचं ऑपरेशन झालंय, कोण अंथरुणावर आहे, हे त्यांना सगळ्यांच्या आधी माहीत असतं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते. ती पुढे ढकलू नये, कारण धुरकट नजर हे पडण्याचं मोठं कारण आहे.

वय ७० किंवा जास्त असेल तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे. घरातल्या ७० च्या पुढच्यांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयात विनाखर्च मिळतात, आणि एकाच घरात ७० च्या पुढचे दोघं असतील तर ती रक्कम दोघांत मिळून असते. कार्ड आधारच्या पडताळणीवर निघतं, आयुष्मान ॲपवरून किंवा योजनेतल्या रुग्णालयात. केंद्र सरकारी कर्मचारी-पेन्शनरांसाठीच्या सीजीएचएससारख्या आरोग्य योजनेत असाल तर दोन्हींतली एक निवडावी लागते. दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठीच हे कार्ड आहे, बाहेरून तपासून घेण्याचा खर्च त्यात येत नाही. ७० च्या आतल्यांसाठी राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो, आधी त्याला गाठा.

खरी अडचण कार्ड असूनही येते. रात्री अकराला ज्या दवाखान्यात नेलं तो यादीत नसतो, किंवा यादीत असतो पण हृदयरोगासाठी नसतो. म्हणून आजच, सगळं ठीक असताना, जवळची दोन रुग्णालयं आणि तिथे कुठल्या आजारासाठी योजना लागू आहे हे विचारून वहीत लिहा. केंद्राच्या योजनेची हेल्पलाईन १४५५५ आहे.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. कालपर्यंत नीट बोलणारं माणूस एक-दोन दिवसांत असंबद्ध बोलायला लागलं, वेळ-काळ विसरायला लागलं, तर ‘वय झालं’ म्हणून गप्प बसू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणं, औषधाचा परिणाम, डोक्याला लागलेला मार, यांपैकी काहीही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हळूहळू, महिन्यामहिन्याने वाढत जाणारं विसरणं वेगळं, त्यासाठीही तपासणी हवीच. आणि बायको किंवा नवरा गेल्यावर जेवण-झोप तुटली असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनच्या १४४१६ या नंबरवर मराठीतून बोलता येतं.

पैसे

सरकारी पेन्शनरांसाठी नोव्हेंबर महिना महत्त्वाचा. हयातीचा दाखला दिला नाही की पेन्शन थांबते. आता तो मोबाईलवर चेहऱ्याच्या पडताळणीने देता येतो, किंवा पोस्टमन घरी येऊन थोड्या शुल्कात करून देतो. पोस्टात जाऊन आधी नाव सांगून ठेवावं. केंद्र सरकारच्या ८० वर्षांपुढच्या पेन्शनरांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो.

ज्यांना कसलीच पेन्शन नाही त्यांच्यासाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना: वय ६५ च्या पुढे, वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत किंवा दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव, आणि महिन्याला १५०० रुपये. अर्ज तहसील कचेरीत, संजय गांधी योजना शाखेत. उत्पन्नाची ही मर्यादा मला अतिशय तोकडी वाटते. कित्येक खरे गरजू तिच्यामुळे बाहेर राहतात. पण बसत असेल त्याचा अर्ज मात्र राहू देऊ नका, आणि पोचपावतीची प्रत फाईलला लावा.

७० वर्षांवरच्यांना बँकेने घरी येऊन रोख रक्कम, चेकबुक अशा मूलभूत सेवा द्याव्यात, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश २०१७ पासून आहेत. शाखेत जाऊन ‘डोअरस्टेप बँकिंग’ची नोंदणी करा. सही जमेनाशी झाली तर अंगठ्यावर, साक्षीदारांसमोर पैसे काढता येतात. एसटीत ६५ ते ७५ वर्षांपर्यंत अर्धं तिकीट, ७५ पूर्ण झाल्यावर राज्यभर मोफत. ही दुसरी सवलत ऑगस्ट २०२२ पासूनची आहे. ओळखपत्र बरोबर हवं.

आणि फसवणूक. ‘तुमच्या नावाने पार्सल पकडलंय, तुम्हाला डिजिटल अटक केलीय’ असा फोन येतो, व्हिडिओवर खाकी वर्दी दिसते आणि आयुष्यभराची एफडी दोन तासांत रिकामी होते. कायद्यात डिजिटल अटक असं काही नाही. याची तालीम करून घ्या: फोन ठेवायचा, शेजारच्या अमुक घरी जायचं, त्यांना सांगायचं. ‘आज रात्री वीज कापणार’ या मेसेजमधल्या लिंकचंही तसंच. पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न करता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनला फोन करा, कारण लवकर कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवण्याची शक्यता असते. आणि त्या माणसाला बोल लावू नका. लाजेपोटी गप्प राहिलेली माणसं दुसऱ्यांदा फसतात.

रोजचं जेवण, मदतीची मावशी, सोबत

डबा लावताना आधी आठवडाभर चालवून पाहा. तिखट-मीठ, पोळीचा मऊपणा, दुपारी किती वाजता येतो, हे सगळं बघावं लागतं. बचत गटाच्या बायका घरगुती डबा देतात आणि ‘आजोबांना डाळ पातळ, भाजी मऊ शिजवलेली’ एवढं ऐकतातही. संध्याकाळी हलकं काही खाल्लं जातंय ना, हे विचारत राहा. एकटी माणसं चहा-बिस्किटांवर रात्र काढतात.

देखभालीसाठी मावशी किंवा दादा ब्यूरोकडून घेतले तर ओळखपत्राची प्रत ठेवा आणि पोलिस ठाण्यात नोंद करा. त्याच वेळी घरात एकटे ज्येष्ठ राहतात याचीही नोंद करून या. कामं, वेळ, पगार आणि साप्ताहिक सुट्टी कागदावर लिहा. सुट्टीच्या दिवशी कोण येणार तेही. मावशीला जेवण आणि विसावा नीट मिळाला तरच ती आजींना माया लावते, हा माझा अनुभव आहे.

सकाळच्या फोनची साखळी लावा. आठ वाजता अमक्याने तमक्याला फोन करायचा, उचलला नाही तर घरी जायचं. घराची एक किल्ली शेजारी. दूधवाल्याला सांगून ठेवा की कालची पिशवी दाराला तशीच असेल तर बेल वाजव आणि आम्हाला कळव. आणि संघ, विरंगुळा केंद्र, भजनी मंडळ, बागेतला कट्टा, यांपैकी एका जागी आठवड्यातून एकदा तरी जाणं व्हावं. ज्येष्ठ नागरिक संघ आता राज्यभर आहेत, त्यातले बरेच फेस्कॉम या महासंघाशी जोडलेले. पहिल्या वेळी तुम्ही स्वतः बरोबर जा, नवख्या माणसाला दारातून आत शिरणंच जड जातं.

कायद्याचे कागद

मृत्युपत्र साध्या कागदावरही चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोंदणी सक्तीची नसली तरी केलेली बरी. घर मुलांच्या नावावर करण्याची घाई नको. करायचंच तर बक्षीसपत्रात ‘माझा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द असू द्या. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ आणि कल्याण कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, ही अट मोडली तर हस्तांतर रद्द करून मागता येतं. सांभाळ होत नसेल तर प्रांतांच्या न्यायाधिकरणात साध्या अर्जावर निर्वाहभत्ता मागता येतो. कुणाच्या अंगावर वळ दिसले, माणूस मुलासमोर गप्प आणि एकटं असताना रडू लागलं, तर आधी एकांतात विचारा, मग एल्डरलाईनला, १४५६७ वर, फोन करा.

शेवटच्या आजारात व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हे भानावर असताना लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे.

घरी राहणं जमेनासं झालं तर

गॅस वारंवार चालू राहतोय, माणूस ओळखीच्या गल्लीत वाट चुकतंय, रात्री उठून दार उघडून बाहेर पडतंय, किंवा सांभाळणाराच आजारी पडलाय, अशी वेळ आली तर घराचा हट्ट सोडावा लागतो. तेव्हाही संस्था फोटोंवरून निवडू नका. त्यांना बरोबर घेऊन, न कळवता, जेवणाच्या वेळी जा. ताटात काय आहे बघा, रात्रपाळीला किती माणसं असतात विचारा, अंथरुणावरच्या रुग्णांच्या खोलीत वास येतो का पाहा. अनामत रक्कम परत मिळण्याच्या अटी लेखी घ्या. आधी पंधरा दिवस-महिन्यासाठी राहून बघू द्या, आणि तोवर घर भाड्याने देऊ नका की सामान हलवू नका.